पेन्सिलीचा गोल

१२ जानेवारी

बारके,

आशीर्वाद पाठवले तर तू ते तपासून परत करशील, म्हणून नुसतं नाव लिहितो. माझे मेल तू न उघडताच उडवतेस हे आईकडून कळलं. कागदाचं पाकीट तरी फोडशील. पत्ता तिनेच दिला, तिच्यावर डाफरू नकोस.

तू गेल्यापासून ऑफिसात फारसं काही बदललेलं नाही. खिडकीसमोरचा सायकलवाला अजून दिवसभर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसतो. तुझं टेबल तुझंच आहे, फक्त त्यावर प्रिंटर ठेवलाय. आणि खुर्ची मी घेतली. तेवढं चालतं.

आता कामाचं. एक बाई आहेत, कृत्रिम पाय बनवतात. आम्ही त्यांना पायवाल्या बाईच म्हणतो. गुडघ्याखाली पाय नसला की उरलेला भाग ज्या खोल वाटीत बसवतात ते सॉकेट त्या संगणकावर आखतात आणि मशीन ते घडवून देतं. त्यांचा प्रोग्राम आपली लायब्ररी वापरतो. (आत्याला परवा पुन्हा समजावलं, की आमच्या लायब्ररीत पुस्तकं नसतात, दुसऱ्यांच्या प्रोग्रामांना घेता येतील अशी तयार अवजारं असतात, आकार कापायचे, जोडायचे, एखादा बिंदू आत की बाहेर ते सांगायचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वर्गणी कशाची घेता?")

तर त्यांच्या एका सॉकेटला आतून बारीकसा उंचवटा आला. ज्यांच्यासाठी ते बनवलं त्या बाई शाळेत खेळ शिकवतात. त्यांना जखम झाली. फार नाही म्हणतात. मागोवा घेत गेलं की गाडी तुझ्या त्या फंक्शनपाशी येऊन थांबते. तेच, सगळ्याच्या तळाशी बसलेलं: बिंदू रेषेच्या डावीकडे, उजवीकडे, की रेषेवर? तिसऱ्या उत्तराला तू 'दादा' असं नाव ठेवलं होतंस, कारण घरात काठावर पास होणारा मी एकटाच. ते नाव मी मागे बदलून 'शून्य' केलं. बाहेरच्यांना आपले घरचे विनोद काय कळणार!

फाइलच्या माथ्यावर अजून तुझंच नाव आहे, तेव्हा म्हटलं, आधी तुला विचारावं. एकदा नजर टाकशील?

आई म्हणाली, विद्यापीठातली ती जागा तुला जवळजवळ मिळालीच आहे. कॉलेजात होतीस तेव्हापासून तू त्या विभागाचं नाव घ्यायचीस. मला आनंद झाला. (जवळजवळ हा शब्द आईचा आहे, माझा नाही. मला माहीत आहे तुला तो सोसत नाही.)

तुझा
दादा

ता. क. लायब्ररी नव्या जागी हलवली तेव्हा जुना इतिहास सगळा गळाला. कोणती ओळ कुणी बदलली ते आता कुणालाच दिसत नाही. तुझ्याकडे जुनी प्रत आहे का गं? नसली तरी चालेल. खरं तर नसलेलीच बरी, उगाच दोन प्रतींचा घोळ.


२ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही रुसलीस की थेट माळ्यावर जाऊन बसायचीस आणि जेवायला हाक मारली की खाली उतरायचीस. मी हाक मारत राहतो.

पायवाल्या बाई ऑफिसात येऊन गेल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी वयस्कर, थकलेल्या वगैरे असतील. माझ्याहून लहान निघाल्या, आणि भयंकर चिडलेल्या. पिशवीतून सॉकेट काढून त्यांनी माझ्या कीबोर्डवरच ठेवलं.

"हात घाला आत."

"नाही, मला कल्पना आहे..."

"हात घाला."

घातला. आतून गुळगुळीत, आणि मग मागच्या बाजूला बोटाला एक कंगोरा लागला. शर्टाच्या कॉलरीत धोब्याने टाचणी विसरावी तसा. मी हात काढून घेतला, तर म्हणाल्या, "तुम्ही लगेच काढलात. खेळाच्या बाई दिवसभर मैदानावर उभ्या होत्या. पाय आत बसला की काही जाणवत नाही, जाणवतं तेव्हा कातडी गेलेली असते. आता परत कुबड्या घेतल्यात. मैदानाच्या कडेला बसून शिट्टी मारतात. मुलं ती ऐकतात, पण बाई जवळ दिसत नाहीत म्हणून गोंधळ घालतात."

मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. त्यांच्या माणसाने आपला कोड उघडून पाहिला होता आणि माथ्यावरचं नाव वाचलं होतं.

"ही तुमची बहीण ना?"

"हो."

"तिने केलंय हे?"

माझी मान हलली असेल. बोलताना माझी मान हलतेच, तुला माहीत आहे.

त्यानंतर त्यांनी लायब्ररी वापरणारे सगळे जिथे लिहितात त्या पानावर सविस्तर लिहिलं. तुझ्या नावासकट. मला वाटलं होतं फक्त कंपनीचं नाव घालतील. लोकांनी खाली बरंच काही लिहिलंय, तू वाचू नकोस.

आणि काल तुझ्या त्या विभागप्रमुखांचा फोन आला. सभ्य माणूस. म्हणाले, "आमच्याकडे नेमणूक व्हायची आहे, त्यात हे वाचनात आलं, म्हणून तुम्हाला विचारतो." मी म्हटलं, "तपास चालू आहे." यात खोटं काही नाही. तपास चालूच आहे. त्यांनी विचारलं, "म्हणजे चूक त्यांचीच असं नक्की म्हणता येत नाही?" मी म्हटलं, "इतक्यात काहीच सांगता येत नाही." हेही तसं खरंच.

तू म्हणशील, वेळ मारून नेली. पण माझ्या जागी येऊन बघ. मार्चअखेर मोठ्या ग्राहकाचा करार नव्याने व्हायचा आहे. तो हातचा गेला तर इथल्या पोरांना मी काय तोंड दाखवू? तुझ्यानंतर आलेली ती दोघं, एकाचं नुकतंच लग्न झालंय. तू फक्त फाइल पाहिलीस एवढं कळव. मग आपण दोघं बसून काहीतरी गोलमोल लिहू, कुणालाच लागणार नाही असं. तुझी जागाही वाचेल.

दादा


१७ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी जिन्यातच थांबलो. फोडलं, तर आत माझंच पत्र. पहिलं. तू एक ओळही लिहिलेली नव्हतीस. फक्त मधल्या एका शब्दाला पेन्सिलीने गोल.

'तुझ्या'.

तुझी ती जुनी खोड. आमचा कोड छापून घ्यायचीस, पेन्सिल घेऊन बसायचीस, आणि चुकलं असेल तिथे नुसता गोल करून कागद टेबलावर ठेवून जायचीस. काय चुकलं ते कधी सांगायची नाहीस. मी चिडायचो. म्हणायचो, तोंड दिलंय देवाने, बोल की. तू म्हणायचीस, "सांगितलं तर तू तेवढंच सुधारशील."

ठीक आहे. ते फंक्शन तुझं नाही. माझं आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी लिहितो, कारण मी आजवर हे कुठेच लिहिलेलं नाही. संगणक दशांशानंतरचे लांबलचक आकडे छाटून ठेवतो. बिंदू रेषेपासून लांब असला तर त्याने काही बिघडत नाही. पण अगदी चिकटून असला, की छाटलेले आकडे डाव्याला उजवं म्हणतात. म्हणून तू दोन टप्पे केले होतेस. आधी झटपट हिशेब. त्यात शंका आली, तरच एकही आकडा न छाटता पूर्ण हिशेब. तो दुसरा टप्पा रेंगाळायचा. मोठ्या ग्राहकाला वेग हवा होता. मी म्हटलं, इतकं जवळ आहे ना, मग रेषेवरच आहे असं धरू. तू म्हणालीस, "जवळजवळ रेषेवर म्हणजे रेषेवर नव्हे, दादा. उद्या त्या फटीत कुणाचं तरी काहीतरी अडकेल." आणि मी सगळ्यांसमोर, ग्राहकाची माणसं बसलेली असताना, म्हटलं, "हिच्यामुळे सगळं अडतं."

तू पिशवी उचललीस. कप धुऊन ठेवलास, हे मला अजून आठवतं. भांडून जाणारं माणूस कप धुतं का!

तू गेलीस त्याच आठवड्यात मी तो दुसरा टप्पा काढून टाकला. शंका आली की 'रेषेवर' म्हणून मोकळं व्हायचं. माझ्यासारख्या काठावरच्यांची सरसकट भरतीच केली म्हण ना. सगळं भराभर धावू लागलं. ग्राहक खूश, मी खूश. संगणकावर कुठलाही आकार बारीक त्रिकोण जोडूनच बनतो. त्या सॉकेटमध्ये जिथे शिवणीजवळ निमुळते त्रिकोण दाटीने बसले होते, तिथे माझ्या फंक्शनने सगळ्यांना रेषेवर ठरवून टाकलं. रेषेवर म्हणजे जागा न व्यापणारे, म्हणून ते गळाले. उरलेली फट प्रोग्रामने आपल्या परीने ओढून सांधली. तोच तो कंगोरा.

आणि माथ्यावरचं तुझं नाव. ते विसरून राहिलेलं नाही. खोडायला बोट गेलं होतं. पण लोक विचारायचे, "हे त्यांनीच लिहिलंय ना?" आणि मी हो म्हटलं की पुढे काही विचारायचे नाहीत. तुझं नाव वर असलं की कुणी आत डोकावत नव्हतं. मग ते मी राहू दिलं. जुना इतिहास गळाला असंही मी लिहिलं. तो गळाला नाही, मी सोबत घेतला नाही.

पायवाल्या बाईंसमोर माझी मान आपोआप हलली नाही. मी होकारार्थी मान हलवली. माझ्या बहिणीवर खापर फोडलं आणि वर चहा मागवला. हे लिहिताना मला स्वतःची किळस येतेय, आणि तरीही पुढचं लिहितोच आहे:

जरा थांब. मार्चअखेरचा करार एकदा होऊ दे. सही झाली की दुसऱ्या दिवशी मी सगळं जाहीर लिहितो, विद्यापीठात स्वतः जाऊन सांगतो. एवढ्यात काही कुणी नेमणूक करत नाही, असल्या ठिकाणी कागद हलायलाच महिने लागतात. तोवर तू मनात धर की मी लिहिलंच आहे.

दादा


६ मार्च

बारके,

आईचा फोन आला. "तिची जागा गेली रे. दुसऱ्या कुणाला दिली." मग जरा थांबून म्हणाली, "तू काही केलंस का रे?" मी म्हटलं, "मी काय करणार?" फोन ठेवल्यावर लक्षात आलं, यात मात्र तसूभरही खोटं नव्हतं. मी काहीच केलं नव्हतं.

तडक विभागात गेलो. तू म्हणायचीस तशाच आहेत तिथल्या खोल्या. उंच खिडक्या, फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित. विभागप्रमुखांनी बसायला सांगितलं. मी उभ्यानेच सगळं ओकलो. बदल माझा, नाव तिचं, तिचा काडीचाही संबंध नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आम्ही तिला विचारलं होतं," ते म्हणाले. "ती म्हणाली, माझी जुनी प्रत आहे माझ्याकडे, कोणती ओळ कुणाची ते त्यात आहे. म्हटलं, मग दाखवा, विषय संपला. तर म्हणाली, नको. ज्याने लिहिलंय तो स्वतः येऊन सांगेल. त्याला वेळ लागतो, पण तो सांगतो. थोडं थांबा. आम्ही थांबलो हो. पण वर्ग सुरू व्हायचे होते, दुसरा उमेदवार हो-नाही विचारत होता. किती थांबणार?"

निर्णय कधी झाला ते मी विचारलं. विचारायला नको होतं. माझं 'जरा थांब' तुझ्या हातात पडलं असेल, त्याच आठवड्यातला आहे.

म्हणजे तुझ्याकडे प्रत होती. पहिल्या दिवसापासून होती. एक कागद पुढे सरकवला असतास तर जागा तुझी होती आणि मी उघडा. तू गोल करून पाठवलास आणि वाट पाहत बसलीस. आणि मी तुला त्याचं उत्तर काय दिलं, तर करार होऊ दे. मला तुझा राग आला, खरं सांगतो. खाली येऊन फाटकाशी उभा राहून मी तुझ्या नावाने चरफडलो. हिला कुणी सांगितलं होतं माझ्यावर विश्वास ठेवायला? मग तो राग कुणावरचा आहे ते कळलं आणि मी तिथेच कठड्यावर बसलो. रखवालदार पाणी देऊ का म्हणाला.

ऑफिसात परत आलो आणि जाहीर लिहायला बसलो. पहिलं वाक्य झटकन सुचलं: 'आमच्याकडून अनवधानाने चूक झाली.' वाचून पाहिलं, चांगलं वाटलं. भारदस्त. मग ते छापलं आणि प्रिंटरपाशीच, म्हणजे तुझ्या टेबलापाशी, पेन्सिल घेऊन बसलो.

'आमच्याकडून'ला गोल केला. तिथे बाकी कुणी नव्हतं, मी एकटा होतो. 'अनवधानाने'ला केला. अवधान पुरतं होतं. मग 'झाली'पाशी अडलो. आपल्याकडे चूक नेहमी होते, ऊन पडावं तशी, आपली आपण. कुणी करत नाही. तिलाही गोल केला. राहिला एकच शब्द, 'चूक'. त्याच्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. नुसतं चुकून झालं असतं तर मी तुझं नाव खोडलं असतं. शेवटी त्यालाही गोल केला, आणि वाक्यात काहीच उरलं नाही.

मग हे लिहिलं: 'हा बदल मी केला. माझी बहीण याला तयार नव्हती. ती सोडून गेल्यावर मी तो केला आणि वर तिचं नाव ठेवलं, कारण तिच्या नावावर लोक विश्वास ठेवतात. विचारलं तेव्हाही मी तिचंच नाव पुढे केलं.' खाली माझं नाव घातलं. सगळ्यांना दिसेल अशा जागी टाकलं. पोरांना आधी वाचून दाखवलं. लग्न झालेला म्हणाला, "सर, करार?" मी म्हटलं, "बघू." मोठ्या ग्राहकाने दुपारीच फोन करून सही पुढे ढकलली. पुढे म्हणजे किती, ते ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

तुझी जुनी फाइल माझ्याकडेही होती, एवढं तरी तू ओळखलंच असशील. ती परत बसवली, दुसऱ्या टप्प्यासकट. तिसऱ्या उत्तराच्या जागी 'दादा' आला. सॉकेटचा तोच आकार त्यातून काढला. रेंगाळलं, मी चहा करून आणेपर्यंत चाललं होतं. पण त्या शिवणीपाशी एकूण एक त्रिकोण जागच्या जागी. त्यातले बहुतेक रेषेच्या डावीकडे होते. 'दादा' म्हणण्यासारखं तिथे कुणीच नव्हतं.

पायवाल्या बाईंकडे स्वतः गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मग त्या दिवशी मान का हलवलीत?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, आकार आपल्या मशीनवर चढवला आणि कामाला लागल्या. खेळाच्या बाईंची जखम भरत आलीय. नवीन सॉकेट त्या घेतील की नाही हे त्याच ठरवतील असं सांगितलं.

सोबत जाहीर पत्राची छापील प्रत ठेवतोय. दोन्ही बाजूंना भरपूर समास सोडलाय. पेन्सिलही घातलीय, टोक काढून. हवे तेवढे गोल कर. मी प्रत्येकाचं उत्तर देईन, आणि तेवढंच सुधारणार नाही.

दादा


२१ मार्च

बारके,

तुझं पाकीट आज आलं. ऑफिसात फोडलं नाही. समोरच्या सायकलवाल्याच्या बाकावर जाऊन बसलो. तो ट्यूब बुडवत होता. म्हणाला, "साहेब, आज इकडे?" मी म्हटलं, "असंच."

आत माझं जाहीर पत्र. आणि पेन्सिल.

वरपासून खालपर्यंत पाहिलं. समास कोरे. पाठीमागे पाहिलं. मग उजेडाकडे धरून पाहिलं, एखादा गोल करून खोडला असेल तर खूण तरी दिसेल म्हणून. पेन्सिलीचं टोक मी काढून दिलं होतं तसंच होतं.

कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, सुटलास. काठावर का होईना, पास झालास. सायकलवाल्यानेच विचारलं, "चांगली बातमी?" मला हो म्हणता येईना.

तुझी जागा गेली. तू माझ्यासाठी थांबलीस म्हणून गेली. आणि माझ्या कागदात तुला गोल करण्यासारखं काही सापडलं नाही. मी इथे बसून पुन्हा पुन्हा पान उलटतोय.

एक तरी करायचा होतास गं.

दादा